वामनदादांची गाणी पहिल्यांदा ऐकताय? मग अशी ऐका

आंबेडकरी चळवळीचे लोकशाहीर वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांची सुरुवात ‘उद्धरली कोटी कुळे’ पासूनच करा. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, हे सगळीकडे वाजतं पण डीजेच्या दणक्यात शब्द कुठे कळतात, म्हणून घरी शांतपणे हेडफोन लावून ऐका. माझी आजी हे लागलं की निवडायचं ताट बाजूला सरकवून बसायची, एक कडवं संपेपर्यंत कुणाशी बोलायची नाही, मला गाण्याचा अर्थ तिच्याकडे बघूनच कळला.

थोडी माहिती असूद्या: जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. लिहायला-वाचायला शिकले ते मोठेपणी मुंबईत, आणि पुढे गावोगाव फिरून गाणी केली. हे माहीत असलं की प्रत्येक ओळ वेगळी लागते बघा.

मग ‘सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो’ लावा. साठा, वाटा ही यमकं कशी आदळतात तिकडे कान द्या, सोबत टाळी धरा, कोरसमध्ये तुम्ही पण गा. माझी नोकरी गेली तेव्हा हे गाणं मी रोज ऐकायचो, हक्काचं मागायला लाजायचं नसतं हे त्यानेच शिकवलं.

‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ मात्र शेवटी आणि एकट्याने ऐका. हे बाबासाहेबांना मानणाऱ्या आपल्याच माणसांना विचारलेलं आहे, झोंबतं, आणि झोंबू द्यायचं.

जमलं तर तेच गाणं गावाकडच्या गायन पार्टीकडून समोर बसून ऐका, ढोलकी-पेटीवर ते जास्त खुलतं.