बिस्किटांचा पुडा मागून कसा वाचायचा

ब्रेड असो, टोस्ट असो की क्रीमची बिस्किटं, पाकिटाच्या पुढच्या बाजूला गव्हाची लोंबी, दुधाचा ग्लास नाहीतर मध गळणारा चमचा ठरलेलाच. कामाचा मजकूर मागे, पाकिटाच्या शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा घरी राहिला असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. एकदा सवय झाली की दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी १: आधी घटक, कॅलरी नंतर

बहुतेक जण थेट कॅलरीच्या ओळीवर जातात. तिथून फारसं काही कळत नाही, कारण एका बिस्किटापासून दुसऱ्यापर्यंत तो आकडा फार हलत नाही. फरक कळतो तो घटकांच्या यादीत. नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली की निम्मं काम झालं. साध्या गोड बिस्किटांत ती सहसा मैदा, साखर आणि पाम तेल अशी असतात. साखर पुढेही वेगवेगळ्या नावांनी येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, कधी मध. एकाच यादीत अशी तीन नावं दिसली तर ती मनात एकत्र धरायची.

आता नाचणीची बिस्किटं घ्या. पुढे ‘नाचणी’ ठळक, मागे यादीची सुरुवात ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ने, म्हणजे मैद्याने. ज्या घटकाचं नाव मिरवलं आहे त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं, ते शोधा. नाचणी ८ टक्के असेल तर तुम्ही नाचणीच्या रंगाची मैद्याची बिस्किटं घेताय. ओट्स, मल्टिग्रेन, बदाम यांनाही हीच कसोटी.

ब्राउन ब्रेडचा तपकिरी रंग कोंड्याचा असेलच असं नाही. यादीत ‘कॅरॅमल’ किंवा आयएनएस १५० (आयएनएस म्हणजे वरून घातलेल्या रंग, टिकाऊपणाच्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिसलं तर रंग वरून घातला आहे. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ पहिल्या क्रमांकावर हवा, तोही शक्यतो टक्केवारीसह. नुसतं ‘व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदाच धरून चाला.

ब्रेडसाठी एक युक्ती मला फार उपयोगी वाटते: यादीत मीठ कुठे आहे ते बघायचं. पावाच्या पिठात मीठ साधारण दोन टक्क्यांच्या आसपासच पडतं. म्हणजे मिठानंतर ज्यांचं नाव येतं, मग ते जवस असो, तीळ असो की मध, ते चिमूटभरच.

पायरी २: आकडा तुमच्या बशीला लावा

पोषणाच्या तक्त्यात दोन रकाने असतात, १०० ग्रॅमचा आणि ‘पर सर्व्ह’चा, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा. दोन पुड्यांची तुलना करायची तर १०० ग्रॅमचाच रकाना बघा. ‘सर्व्ह’ किती ते कंपनी ठरवते, आणि दोन बिस्किटांवर थांबणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

स्वतःचा हिशोब असा करा. २५० ग्रॅमच्या पुड्यात ४० बिस्किटं असतील तर एक बिस्किट सव्वासहा ग्रॅमचं. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा खाल्ली तर साडेसदतीस ग्रॅम झाली. तक्त्यात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम साखर असेल तर तुमच्या वाट्याला सव्वाआठ ग्रॅम आली. चहाचा एक सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा, म्हणजे हे दोन चमचे. चहातली साखर वेगळी.

पाकिटावरचे टक्के प्रौढ माणसाच्या दिवसाच्या हिशोबाने असतात: २००० किलोकॅलरी, एकूण मेद ६७ ग्रॅम, संतृप्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. पाच वर्षांच्या मुलाच्या डब्यात बिस्किटं देताना हे टक्के लागू होत नाहीत.

टोस्ट आणि ब्रेडची तुलना मात्र जपून करा. ब्रेडमध्ये एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं, टोस्टमध्ये ते जवळपास उडालेलं. म्हणून १०० ग्रॅम ब्रेडला अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी, तर टोस्टला चारशेच्या वर. टोस्टमध्ये साखरही बऱ्याचदा जास्त असते. आजाऱ्याचं हलकं खाणं म्हणून टोस्ट देतात तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पायरी ३: ‘ट्रान्स फॅट ०’ वाचून थांबू नका

१ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यपदार्थांतल्या एकूण तेल-तुपात कारखानी ट्रान्स फॅट, म्हणजे तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारा, हृदयाला अपायकारक मेद, दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. हा नियम चांगलाच. पण खारीला पापुद्रे सुटायला घट्ट स्निग्ध पदार्थच लागतो, म्हणून आता तिथे पाम तेलावर आधारलेली मिश्रणं येतात. ट्रान्सची ओळ शून्य होते, संतृप्त मेदाची फुगते. खारीच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १५ ग्रॅम संतृप्त मेद असेल आणि चहाबरोबर ४० ग्रॅम खारी संपत असेल, तर ६ ग्रॅम तिथेच झाले. दिवसाच्या २२ ग्रॅमपैकी एक चतुर्थांशाहून जास्त.

पायरी ४: सोडियम

सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ निघतं. ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला चारशे-पाचशे मिलिग्रॅम सोडियम नेहमीचं, आणि चार स्लाइस म्हणजे साधारण तेवढंच वजन. गोड बिस्किटांतही सोडियम असतं, कारण खायचा सोडा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ही ओळ साखरेच्याही आधी वाचा.

दावे आणि आकडे

‘हाय फायबर’ लिहायला घन पदार्थात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम तंतू असले की पुरतात. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅमला साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत, पण मैदा तसाच, आणि मैद्याचा शरीरात ग्लुकोजच होतो. मधुमेह्यांनी ‘शुगर फ्री’च्या जोरावर दुप्पट बिस्किटं खाणं हा शुद्ध तोटा आहे. साखरेऐवजी माल्टिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट बिघडतं ते निराळंच.

आयएनएस आकड्यांना घाबरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरत असलं तरी. ५०० म्हणजे खायचा सोडा, ३२२ म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं लेसिथिन, २८२ ब्रेडला बुरशी लागू नये म्हणून. ब्रेड फुलवायला पिठात घालत ते पोटॅशियम ब्रोमेट, म्हणजे ९२४, याला मात्र २०१६ पासून बंदी आहे.

सुट्या मालाचं काय?

कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी, जिरा बटर, नानकटाई कागदी पिशवीत येते, लेबल नाही. तिथे सरळ विचारा: वनस्पती तूप, मार्जरीन की लोणी? जीभही थोडं सांगते. वनस्पती तुपाचा वितळबिंदू ४१ अंशांपर्यंत असू शकतो, म्हणजे तोंडातल्या उष्णतेने ते पूर्ण विरघळेलच असं नाही, आणि टाळ्याला मेणचट थर बसतो. लोण्याचा तसा बसत नाही. आकडे हवेच असतील तर त्याच प्रकारच्या पाकीटबंद मालाचा तक्ता बघा आणि घरच्या काट्यावर तुमच्या खारीचं वजन करा. हिशोब अगदी नेमका नसेल, पण एका वेळी किती खायची हे ठरवायला चालतो.