गेम कन्सोल तापून बंद पडतोय? घरच्या घरी असा साफ करा

थोडा वेळ खेळलं की पंखा घोंगावतो, कन्सोल बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. अशी लक्षणं असतील तर बहुधा आत धूळ साचलेली असते किंवा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेण्यासाठी तिच्यावर लावलेला लेप) वाळलेली असते. कन्सोल मुळीच सुरू होत नसेल तर आधी दुसरी पॉवर केबल लावून बघा. दिवा लागतो पण चित्र येत नसेल तर टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल बदला. पोर्टमधली पिनच वाकली असेल तर ते सोल्डरिंगचं काम, जाणकाराकडेच द्या.

वॉरंटी चालू असेल तर कन्सोल उघडू नका. नसेल तर डिस्क बाहेर काढा, सगळ्या वायरी काढा आणि स्क्रूचे फोटो काढत पुढे जा. प्लेस्टेशन ४ साठी मधोमध भोक असलेला टी८ टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचा) स्क्रूड्रायव्हर बिट लागतो, साधा चालत नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू भलत्या जागी पिळला तर बोर्डच जातो.

रिबन केबल, म्हणजे पट्टीसारखी चपटी वायर, कधीही ओढू नका. कनेक्टरला बारीक खिट्टी असेल तर ती आधी नखाने उचला, मग पट्टी अलगद सुटते. घरच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त नासधूस इथेच होते.

पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा. मोकळा पंखा भरधाव फिरून खराब होऊ शकतो. हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पत्र्यांमधली धूळ कधीकधी नमद्यासारखी घट्ट बसलेली असते, ती ब्रशने सैल करा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज शिल्लक असते.

हीटसिंक काढलाच, तर जुनी पेस्ट ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट चिपच्या मधोमध वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू आलटून पालटून, समोरासमोरचे आवळा.

२०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो सांडला तर शॉर्ट सर्किट होतं, म्हणून त्याच्या हीटसिंकला हात लावू नका. वरची कव्हरं स्क्रू न काढताच निघतात. आत धूळ गोळा होण्यासाठी भोकं दिलेली आहेत, ती व्हॅक्यूमने साफ केली तरी बराच फरक पडतो.

जोडल्यावर तासभर एखादा जड गेम चालवून बघा. पंखा आता खरखरत असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय. तुमच्या मॉडेलचा नवा पंखा मागवा.