छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर हात वर जाईना, तर काय करायचं

माझ्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, स्तन आणि काखेतल्या गाठी दोन्ही काढल्या. परभणीकडं आमचं गाव, घरी आणलं तसं भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगून जायची की हात हलवू नको माय, टाके उसवतील. आईनं ते इतकं मनावर घेतलं की दीड महिना हात पोटाशी धरूनच बसली. सुट्टी देताना आम्हाला व्यायामाचं कुणी काही बोललंच नव्हतं. मग रेडिएशनला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, गेलो तर तिथं हात डोक्याच्या वर घेऊन झोपावं लागतं आणि आईचा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून आधी पंधरा दिवस फिजिओथेरपी करून या म्हणून परत पाठवलं. त्या पंधरा दिवसांत आई जेवढी रडली तेवढी ऑपरेशनला पण रडली नव्हती, म्हणून हे लिहायलेय.

आखडतं कशामुळं, तर जखम भरताना आतली कातडी, स्नायू आवळून येतात आणि दुखतं म्हणून आपण हात अजूनच जवळ घेतो. दंडाची आतली बाजू बधिर वाटते ती काखेतल्या नसेला धक्का लागल्यामुळं, त्यात घाबरायचं काही नाही.

पहिले काही दिवस, जखमेतलं पाणी काढायला नळी आणि बाटली लावलेली असताना, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. पण गप्प पण बसायचं नाही. सर्जननी हो म्हणलं की दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट, कोपर दुमडणं-सरळ करणं, खांदे कानाकडं उचलून गोल फिरवणं आणि लांब श्वास घेणं, एवढं दिवसातून तीन-चार वेळा करायचं. जेवण त्याच हातानं, कंगवा पण त्याच हातानं, फक्त कोपर खांद्याच्या खाली ठेवून. झोपल्यावर हाताखाली उशा ठेवून हात छातीपेक्षा उंच ठेवायचा आणि तसंच पंधरा-वीस वेळा मूठ उघड-मीट करायची, सूज उतरायला लई फरक पडतो.

नळी निघाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की खरं काम सुरू. काठीचा व्यायाम आम्ही छत्रीनं केला. उताणं झोपायचं, दोन्ही हातांनी छत्री धरायची आणि चांगल्या हाताच्या जोरावर हळूहळू डोक्याच्या मागं न्यायची, ताण लागला की तिथंच पाच मोजेपर्यंत थांबून परत खाली. पाच-सात वेळा बस. मग झोपूनच दोन्ही हातांचे पंजे मानेखाली घेऊन कोपरं खाटेकडं सोडायची. तिसरा भिंतीचा, भिंतीकडं तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची आणि जिथं थांबली तिथं पेन्सिलीनं खूण करायची. आईला याच खुणांनी धीर आला, कारण रोज एक बोट पुढं सरकलं तरी ते दिसायचं.

ओढल्यासारखं वाटलं तर चालतं, कळ आली की थांबायचं. कोमट पाण्यानं आंघोळ झाल्यावर केलं तर सोपं जातं, आणि डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली असेल तर अर्धा तास आधी घ्यायची.

काही बायकांना काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखं लागतं, हात वर केला की दिसतं पण. आईला ते दिसलं तेव्हा आम्हाला वाटलं गाठ परत आली, पण ते तसं नसतं, फिजिओवाल्या मॅडम हलका मसाज आणि ताण देतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत जातं. तरी एकदा दाखवून घ्याच. गावात कुणी चोळून देते म्हणलं तर अजिबात देऊ नका.

आणि हे हात जोडून सांगते, दुखतंय म्हणून बिब्बा लावू नका, डाग देऊ नका, गरम पिशवीनं शेकू नका. तिथं कळतच नाही भाजलेलं, फोड आला की इन्फेक्शन आणि मग सूज.

काखेतल्या गाठी काढल्यामुळं त्या हाताला सूज येऊ शकते, तिच्यावर नजर ठेवायला बांगडी चांगली. काल सहज निघणारी बांगडी आज अडकायली तर बांगड्या काढून दवाखान्यात जा, ही सूज कधी कधी वर्षांनी पण येते. काचेच्या बांगड्या त्या हातात नकोच, फुटली की जखम. कापूस वेचताना, काटेरी काम करताना हातमोजे, खरचटलं तर साबणानं धुवून औषध लावायचं. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. सुई, बीपी दुसऱ्या हाताला. हंडा, बादली पहिले सहा आठवडे तरी नाही, नंतर आधी तांब्या मग कळशी असं हळूहळू, जन्मभर वजन उचलायचंच नाही असं काही नसतं.

रेडिएशन संपलं म्हणून व्यायाम सोडू नका, आवळून येणं त्यानंतर पण वर्ष-दीड वर्ष चालू राहतं. संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात फिजिओथेरपीची चौकशी करा. जाताना ऑपरेशनचा कागद न्या, स्तन परत बनवण्याचं ऑपरेशन पण झालं असेल तर ते आधी सांगा, त्यांचा व्यायाम वेगळा असतो.