पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे का? तपासताना या चुका टाळा

४०३००१ ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर कशानेच तिला नि:शेष भाग जात नाही. नववी-दहावीच्या मुलांना सरावाला गोव्याचे पिनकोड द्या. कोण कुठे घसरतो ते लगेच कळतं.

पहिली घसरण शेवटच्या अंकावर. फोंड्याचा ४०३४०१ आणि मडगावचा ४०३६०१ हेही १ वरच संपतात. फोंड्याच्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग गेला. मडगावला ना ३ ने भाग जातो ना ७ ने, मग मुलं ‘मूळ’ लिहून मोकळी होतात. ११ ची कसोटी राहूनच जाते. एकाआड एक अंक मिळवा: ४+३+० = ७ आणि ०+६+१ = ७. फरक शून्य, म्हणून ४०३६०१ = ११ × ३६६९१.

१३ ला तर सगळेच टाळतात. खरं म्हणजे गोव्यात तो सगळ्यात सोपा, कारण ४०३ = १३ × ३१. पहिले तीन अंक सोडून द्या, फक्त शेवटचे तीन बघा. म्हापशाच्या ४०३५०७ मध्ये ५०७ = १३ × ३९, झालं काम! पणजीला १३ ने भागा की ३१ ने, बाकी १ च.

थांबायचं कुठे? वर्गमूळ साधारण ६३४.८ येतं, तेव्हा ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून बघायचं. कंटाळून १०० वर थांबलात तर काहीच सिद्ध होत नाही. निम्म्यापर्यंत, म्हणजे दोन लाखांपर्यंत जाणं ही नुसती हमाली. ९, २१, ५१ यांनी भागणंही फुकट. ३ ने भाग गेला नाही तिथे यांनी कुठून जाणार?

सगळ्यात फसवा टप्पा ४३९ चा. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर दशांशाची कळ २ वर असेल तर ४०३००१ ÷ ४३९ चं उत्तर ९१८.०० दिसतं. भाग गेला असं वाटतं. उलटा गुणाकार करा: ४३९ × ९१८ = ४०३००२. एकाने हुकलं. उत्तर पूर्णांक दिसलं की हा गुणाकार केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वर्गांची गंमत. ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. पणजी = २९९² + ५६०². इथे ‘मूळ’ हा शब्द गाळून नियम पाठ करणारे बरेच. मडगावलाही ४ ने भागून १ च उरतो, पण त्याचे असे दोन वर्ग शोधत बसलात तर रात्र जाईल. ११ ला ४ ने भागून ३ उरतात आणि ४०३६०१ मध्ये ११ एकदाच येतो, त्यामुळे ते वर्ग नाहीतच.