विभव शून्य म्हणून क्षेत्रही शून्य? विद्युत विभवाच्या गणितातल्या या चुका टाळा

सूत्र तोंडपाठ, तरी उत्तर चुकतं. विद्युत विभव म्हणजे एकक प्रभारामागची विभवऊर्जा (पोटेन्शियल); त्याच्या गणितात हे नेहमीचंच. बिंदुप्रभाराचा विभव काढणं खरं तर सोपं आहे: प्रभार नॅनोकूलोममध्ये घ्या, ९ ने गुणा, मीटरमधल्या अंतराने भागा, उत्तर व्होल्टमध्ये. (सूत्रातला स्थिरांक ९ अब्ज आणि नॅनो म्हणजे एक अब्जांश, म्हणून हे जमतं.) अंतर सेंटीमीटरमध्येच राहिलं तर उत्तर शंभरपट लहान येतं. हात सवयीने अंतराचा वर्ग करून बसला, तर मिळालेला आकडा विभवाचा नसून विद्युत क्षेत्राचा, म्हणजे एकक प्रभारावरच्या बलाचा असतो.

चिवट चूक वेगळीच आहे: विभव शून्य तिथे क्षेत्रही शून्य धरणं. एका रेषेवर +४ आणि −१ नॅनोकूलोम प्रभार ३० सेंटीमीटर अंतरावर ठेवा. विभव शून्य कुठे? +४ पासून २४ सेंटीमीटरवर, हे बहुतेकांना सापडतं आणि तिथेच पेन थांबतं. पण −१ च्या पलीकडे, +४ पासून ४० सेंटीमीटरवरही विभव शून्यच आहे: तिथे एकाचे +९० व्होल्ट, दुसऱ्याचे −९०. आता क्षेत्र शून्य कुठे? या दोन्ही ठिकाणी नाही! ते +४ पासून ६० सेंटीमीटरवर शून्य होतं, आणि तिथे विभव चक्क ३० व्होल्ट आहे.

विभव ही उंची माना, क्षेत्र हा उतार. समुद्रसपाटीइतक्या उंचीवर उभं राहूनही पायाखाली तीव्र उतार असू शकतो. पठारावर उतार नसतो, उंची मात्र असते.

प्रभारित धातूचा गोल हे असंच पठार. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या गोलावर ५ नॅनोकूलोम प्रभार असेल, तर पृष्ठभागावर ४५० व्होल्ट आणि केंद्रातही ४५०च. 'आत क्षेत्र नाही म्हणून विभव शून्य' असं लिहू नका. गोलाबाहेरचं अंतरही केंद्रापासूनच मोजायचं. 'पृष्ठभागापासून २० सेंटीमीटर' म्हटलं असेल तर भागाकार ०.३ ने, उत्तर १५० व्होल्ट, २२५ नव्हे.

विभवांची बेरीज करताना कोन, घटक काढत बसलात तर तुम्ही क्षेत्राचं गणित करताय. विभव अदिश आहे, म्हणजे त्याला दिशा नसते; चिन्हासकट साधी बेरीज करा. क्षेत्राचं परिमाण काढताना ऋण चिन्ह बाजूला ठेवायची सवय असते, तीच इथे घात करते.

राहिला इलेक्ट्रॉन. स्थिर स्थितीतून सोडलेला इलेक्ट्रॉन जास्त विभवाकडे धावतो, आणि हे पाहून बरेच जण विभवऊर्जा वाढली असं लिहितात. विभवऊर्जा म्हणजे प्रभार गुणिले विभव; प्रभारच ऋण, त्यामुळे विभव वाढला की इलेक्ट्रॉनची विभवऊर्जा घटते.