म्हातारपणी तोंड आणि मन दोन्ही मिटतात तेव्हा: या चुका टाळा

‘तुम्ही बसा, मी मागाहून खाईन.’ घरातलं वडीलधारं माणूस रोज असं म्हणू लागलं, भाकरी दुधात कुस्करून एकटंच खाऊ लागलं, तर घरचे म्हणतात, वय झालं, आता असंच चालायचं. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. अशा वेळी आधी तोंडात बघा.

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षी तर झपाट्याने. म्हणून कधीकाळी घट्ट बसलेली कवळी पुढे हलते, हिरडी सोलवटते, बोलताना घसरते. चारचौघांत फजिती नको म्हणून ती डबीत जाते. मग भजन सुटतं, लग्नकार्य सुटतं, हसताना हात तोंडावर जातो. अशा एकटेपणात नैराश्य वाढतं. उलटही घडतं: मन खचलं की दात घासणं, चूळ भरणं राहून जातं आणि हिरड्या बिघडतात.

सैल कवळी घरी कानशीने घासू नका, साध्या गोंदाने चिकटवू तर मुळीच नका. दंतवैद्य आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसती करू शकतात. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी, हिरड्यांनाही विसावा हवा.

‘दुखतंय का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही गं’ असंच येतं. त्यापेक्षा ‘कोणत्या बाजूने चावता?’ असं विचारा.

तोंड कोरडं पडण्याकडे फार दुर्लक्ष होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं यांनी लाळ कमी होते. लाळ कमी झाली की दात मुळाशी किडतात. त्यात दिवसभर खडीसाखर चघळली तर कीड आणखी वाढते. घोटघोट पाणी आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा. पण गोळी परस्पर बंद करू नका, ती बदलायची की डोस कमी करायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुखऱ्या दाताला मिश्री लावणं म्हणजे तंबाखूच लावणं. ती बंदच करा.

नवी कवळी आली की मनही ताळ्यावर येईल, असं धरून चालू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोपमोड, कशातच रस नसणं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘आता जगून काय करायचं’ हे शब्द कानावर आले, तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी हालचाल करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. केंद्राच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना चष्मा, काठीबरोबर कवळीही मिळण्याची तरतूद आहे. दंतवैद्याकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.