मुलांच्या लेखनात अतिशयोक्ती आणताना

प्राथमिक वर्गात अतिशयोक्ती शिकवताना व्याख्येपासून सुरुवात करू नये, कारण ‘पोटात कावळे ओरडताहेत’ यांसारखी वाक्ये मुले रोज सहज बोलत असतात आणि त्यांना गरज असते ती केवळ हे बोलणे कागदावर उतरवण्याच्या धीराची. फळ्यावर ‘माझे दप्तर जड आहे’ असे साधे वाक्य लिहावे आणि ‘किती जड?’ एवढेच विचारावे. पहिले उत्तर बहुधा ‘खूप जड’ असेच येते. ते न खोडता तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिल्यास ‘ते उचलायला क्रेन बोलवावी लागली’ इथपर्यंत मुले स्वतःच पोहोचतात, आणि हा आनंद त्यांच्याकडून हिरावून घेऊन शिक्षकाने तयार उदाहरण देणे मला योग्य वाटत नाही. नुसते ‘लाखो’, ‘करोडो’ लिहून वाक्य रंगत नाही. डोळ्यांसमोर चित्र उभे राहावे लागते.

खोटे आणि अतिशयोक्ती यांतील फरक मात्र आवर्जून दाखवावा. ‘दप्तर वीस किलोचे आहे’ हे वाचणाऱ्याला खरे वाटू शकते, म्हणून ती चुकीची माहिती ठरते; क्रेनवर कोणीच विश्वास ठेवत नाही, तरीही लिहिणाऱ्याचा थकवा नेमका पोहोचतो. एका परिच्छेदात असे एकच वाक्य, तेही भावना सर्वांत तीव्र असेल तिथे, लिहायला सांगावे. प्रयोगाच्या नोंदीत किंवा बातमीत ते अजिबात नको.